भिंतीनं प्यालेलं रडणं

कोंडवाडीतली माणसं म्हणायची, भिंत रडणं पिते. माणूस रडतो, मोकळा होतो आणि चार दिवसांनी पुन्हा भाकरी थापायला बसतो; भिंत मात्र काही विसरत नाही. म्हणून मयत झालेल्या घरात भिंतींना शेणामातीचा नवा हात दिल्याशिवाय सुतक फिटत नसे. ही समजूत कुणी काढली देव जाणे. पण कोंडवाडीत ती सरकारी कायद्याहून घट्ट होती, आणि सरकारी कायदा तरी पोलादपुराहून एवढा डोंगर चढून येईस्तोवर निम्मा झालेला असायचा.

उमरठच्या वरच्या अंगाला ही सात घरांची वाडी. घरांच्या पायथ्याशी पऱ्या, म्हणजे ओढा. तो शिमग्यापर्यंत खडकांतून वाहत राहायचा. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार, म्हणून जवळजवळ प्रत्येक घरातला एक मुलगा पलटणीत. बासष्ट सालच्या दिवाळीत चीनची लढाई पेटली आणि कार्तिक संपता संपता राहीबाईच्या दारात तार आली, सयाजी बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे मेला की हरवला, हे तार वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनलाही सांगता येईना. वाडीनं आपल्या मनानं अर्थ लावून टाकला. घरोघर बायकांनी गळे काढले. राहीबाईनं तेवढं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नवरा गेल्यावर हा एकुलता एक पोरगा तिनं तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. "माझं पोर गेलं असतं तर आतड्याला कळलं असतं," एवढंच म्हणून ती भात कांडत राहिली. तिची सून चंद्रभागा मागच्या भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून बसली होती. उन्हाळ्यातल्या रजेनंतर तिला दिवस गेले होते, आणि सयाजीला ते कळलं होतं की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं.

संक्रांत झाली आणि पुण्याच्या इस्पितळातून कार्ड आलं. सयाजी जिवंत होता. रानावनातून चालत सुटला होता, आजारी पडून बरा झाला होता आणि रजेवर घरी येत होता.

राहीबाई तेव्हा मात्र रडली. इतकी रडली की शेजारची गोदूबाई कडेवरचं पोर खाली टाकून धावत आली. पण आनंदाला वाडी सुखासुखी थोडीच येऊ देते! संध्याकाळी येसाजी काठी टेकत आला. हा सयाजीचा चुलत चुलता आणि वाडीचा म्होरक्या. प्रत्येक गोष्टीत याचं एक पुराण असायचंच.

"राहीबाय, जित्या माणसाच्या नावानं रडलोय आपण," तो म्हणाला. "सात घरांच्या भिंतींत त्याचं मरण बसलंय. ते तसंच ठेवून त्याला आत घेतलंस तर काय व्हईल, सांग बरं?"

"काय करू, भावजी? तुमी सांगाल तसं."

"सातही घरं सारवा. खालपासून वरपर्यंत. जुनं दिसता कामा नाय. मग घे पोराला आत."

चंद्रभागा दाराआडून ऐकत होती. येसाजी गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आत्याबाय, मुराद काय बोलला व्हता, इसरलाव का?"

मुराद महाडचा. हिवतापाच्या खात्यात फवारणीला होता. दसऱ्यानंतर खांद्यावर पंप घेऊन तो आणि त्याचा जोडीदार वाडीत आले होते आणि सगळ्या भिंतींवर त्यांनी औषध मारलं होतं. सुकल्यावर भिंतींवर पिठासारखा पांढरा थर बसला होता, त्याला चार दिवस उग्र वास येत होता. जाताना मुरादनं दाराच्या चौकटीवर गेरूनं तारीख घातली आणि राहीबाईला बजावलं, "मावशी, होळीपर्यंत भिंतीला हात लावू नका. सारवायचं तर जमीन सारवा." राहीबाईनं ते पाळलंही होतं. दिवाळीला तिनं नुसती जमीन सारवली आणि पांढऱ्या भिंती पाहून नाक मुरडलं.

"मुरादची पावडर मोठी का माझा पोरगा मोठा गो?" ती सुनेवर उसळली.

चंद्रभागा चुलीकडं वळली. सासूपुढं दुसऱ्यांदा बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि खरं तर तिलाही नवरा घरात हवा होता. पावडरीचं काय, पुन्हा मारता येईल, असं तिनंही मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी शेणामातीत हात घालून बसली. राहीबाईच्या अंगात जणू संचारलं होतं. स्वतःचं घर उरकून ती गोदूबाईकडं गेली, तिथली माती तिनंच तुडवून दिली, मग पुढच्या घरी. बायका ओव्या म्हणत होत्या. हाताच्या एकेका फटकाऱ्याबरोबर पांढरा थर नाहीसा होत गेला आणि संध्याकाळी सातही घरं आतून ओल्या, काळ्या, गार भिंतींची झाली. चौकटीवरची तारीखही राहीबाईनं पुसून टाकली. इतक्या मनापासून तिनं आयुष्यात कधी काम केलं नव्हतं.

सयाजी आला. दारात त्याच्यावरून भाकरीचा तुकडा उतरून टाकला, पायावर पाणी घातलं. तो आत पाऊल टाकताना येसाजीनं मान डोलावली. पण पोरगा कसला, नुसता सापळा! गालफडं आत गेलेली, डोळे पिवळे. चंद्रभागेकडं आणि तिच्या पोटाकडं पाहून तो पहिल्यांदा हसला, तेवढ्यात त्याचे दात वाजायला लागले. भर दुपार होती, अंगणात ऊन मी म्हणत होतं.

"आये, थंडी वाजत्ये," तो म्हणाला.

तिनं घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या त्याच्यावर घातल्या. खाटेचे पाय खडखडत होते. मग अंग तापलं, मग घामानं गोधड्या भिजल्या, मग तो उठून बसला आणि नाचणीची भाकरी खाल्ली. दोन दिवस बरा, की पुन्हा तेच. इस्पितळातनं गोळ्या दिल्या होत्या, पण बरं वाटलं म्हणून त्यानं त्या गाडीतच सोडल्या होत्या.

संध्याकाळी माणसं अंगणात जमायची, लढाई ऐकायला. सगळ्यांना बर्फ ऐकायचा होता.

"बर्फ वर व्हता," सयाजी सांगायचा. "खाली उतरलो तर दाट रान, उकाडा, डास. पलटण मोडली तशी गावंच्या गावं उठून आमच्या मागं चालत आली. म्हातारी, बाया, पोरं. त्यांना कोण गोळी मारायला आलं नव्हतं. ती तापानं मेली, येसाजीकाका. वाटेवर बसायची आन बसली ती बसलीच. पोरांना पाठीवर बांधून आया चालायच्या, पोर कवा गेलं त्यांना कळायचं नाय."

"आन बर्फात गाडली गेली ती?" येसाजी विचारायचा.

"गेली की. पन तापानं जास्त गेली."

हे दुसरं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही. लोकांनी बर्फ तेवढा उचलला आणि घरी नेला.

माघात चंद्रभागेचा भाऊ तिला न्यायला आला. माहेर सवचं; गरम पाण्याची कुंडं आहेत ते, महाडजवळचं. पहिलटकरणीनं माहेरी जावं ही रीत. पण नवरा मरणाच्या दारातून आलेला, त्याला सोडून जायला ती तयार होईना. राहीबाईनंही आग्रह केला नाही. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. "बाळंतपण हितंच करू, मी हाय की," ती म्हणाली, आणि भाऊ रिकाम्या हातानं परत गेला. त्या दिवशी तिनं सुनेला धक्के मारून पाठवायला हवं होतं. पण पुढचं कुणाला दिसतं!

माघ सरत आला तेव्हा गोदूबाईच्या धाकट्याला थंडी भरली. वर्षादीडवर्षाचं पोर, ते थंडी वाजते असं सांगतही नव्हतं, नुसतं निळं पडून थरथरत होतं. मग अंग इतकं तापलं की डोळे फिरवले. गेलं. त्याच आठवड्यात पलीकडच्या घरातली म्हातारी तापानं आडवी पडली. मग खुद्द येसाजी दोन घोंगड्यांखाली कुडकुडायला लागला. फाल्गुनाच्या उन्हात खडक तापत होते, आणि कोंडवाडीत माणसं ऊब मागत होती.

एवढ्यावर कुणी तरी बोलून गेलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळ्यांच्या तोंडी तेच झालं. बर्फात मेलेली माणसं सयाजीच्या मागून आली आहेत. त्यांना ना अग्नी, ना पाणी. थंडीनं मेलेली, म्हणून ऊब शोधत घराघरांत शिरतात आणि जिवंत माणसाच्या अंगात जाऊन बसतात. सयाजी आत आला तेव्हा त्याच्यासोबत आणखी किती जणांनी उंबरा ओलांडला, ते कुणी पाहिलं होतं?

राहीबाई पाण्याला गेली की पऱ्यावरच्या बायका हंडे अर्धे भरूनच निघून जायच्या. गोदूबाई तर समोरून आली तरी मान वळवायची. शिमगा तोंडावर आला होता. येसाजीनं अंथरुणातूनच निरोप धाडला, सोमजाईची पालखी यंदा राहीबाईच्या दारात येणार नाही. सयाजीनं होळीच्या आत वाडीबाहेर, शिवेवरच्या खोपीत राहायला जावं.

"जातो मी, आये," सयाजी म्हणाला.

"कुठंबी जायचं नाय. मेलेल्यांना माझ्या घरात यायचं आसल तर मला इचारून येतील," राहीबाई म्हणाली. बोलली खरी, पण त्या दिवसापासून दाराला आतून अडसर घालायला लागली. कारण रात्री पोरगा तापात कुणाशी तरी बोलायचा, त्यांना नावानं हाका मारायचा, इकडं या म्हणायचा. ती नावं वाडीतली नव्हती.

आणि होळीला तीन-चार दिवस असताना, चुलीपुढं बसलेली चंद्रभागा म्हणाली, "आत्याबाय, मला गार लागतंय."

राहीबाईच्या हातातली काठवट खाली पडली. पुढ्यात चूल भडभडा पेटलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुराद आला. पायीच आला होता, पंप नव्हता, खांद्याला नुसती पिशवी. वाटेवरच त्याला वाडीतल्या तापाची बातमी लागली होती. चंद्रभागेची दातखीळ बसत होती. त्यानं तिच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, सयाजीचा घेतला, आणि सवयीनं चौकटीकडं पाहिलं.

"मावशी, माझी तारीख कुठं आहे?"

"पुसली," राहीबाई म्हणाली. "घर सारवलं ना सयाजी आला तवा."

मुराद भिंतीपाशी गेला. त्यानं नखानं पोपडा काढला. शेणाच्या थराखाली पांढरी रेघ दिसली. त्यानं दुसऱ्या भिंतीचाही पोपडा काढून पाहिला, मग तो राहीबाईकडं वळला.

"एकच घर?"

"साती घरं."

मुरादनं हातातला पोपडा खाली टाकला. त्याला राग आला होता, पण म्हाताऱ्या बाईवर कसा काढायचा ते कळत नव्हतं. शेवटी तो सावकाश बोलला. "हिवताप डास नेतो, मावशी. सयाजी तिकडून रक्तात घेऊन आला. डास त्याला चावला, पोट जड झालं की तो भिंतीवर टेकतो. भिंतीवर पावडर असती तर तिथंच मेला असता. तुमच्या नव्या भिंतीवर तो निवांत बसला, आणि मग दुसऱ्याला चावला. म्हणून सांगितलं होतं, होळीपर्यंत."

"म्हणजे ती बर्फातली..."

"कोण बर्फातली?"

राहीबाईनं सारवलेल्या भिंतीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं गोदूबाईचं घर आलं, तिथं आपण तुडवून दिलेली माती आली. मग ती एकदम मुरादवर उलटली. "आन तू रं? तू कुठं मेला व्हतास? दर पंधरा दिवसांनी ताप बघायला यायचास ना? दिवाळीपास्नं तोंड नाय दाखवलंस!"

मुरादनं मान खाली घातली. "आमची गाडी लढाईच्या कामाला गेली. मला महाडात रक्त घ्यायला बसवलं, जवानांसाठी, बाटल्यांत. लोकांनी रांगा लावून दिलं, मावशी. मी पण दिलं. लढाई थांबली, पण गाडी काही परत आली नाही. आज मी कुणाला न विचारता आलोय."

त्याच्याजवळ गोळ्या होत्या त्या थोड्याच. चंद्रभागेला दिल्या, तिनं त्या ओकून टाकल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा ओकल्या. दुपारी ती माणसं ओळखेनाशी झाली आणि पोटात कळा सुरू झाल्या.

"पोलादपूरला न्या. आत्ताच्या आत्ता," मुराद म्हणाला.

घोंगडीची डोली केली. वाडीत चार खांदे मागायला राहीबाई स्वतः फिरली. दारं लागत गेली. मेलेल्यांचा भार कोण खांद्यावर घेतो! शेवटी बांबूचं एक टोक मुरादनं उचललं आणि दुसरं सयाजीनं, ज्याला स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं. उताराला तो दोनदा गुडघ्यांवर पडला, पण डोली टेकू दिली नाही. राहीबाई बाजूनं पळत होती, सुनेच्या तोंडावर ओलं फडकं धरत होती आणि सोमजाईला शिव्या घालत होती. नवस बोलायचे दिवस संपले होते.

पोलादपुरात दवाखाना उघडा होता. डॉक्टरची खुर्ची रिकामी होती; डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी लष्करात गेले होते. लढाईला डॉक्टर लागतात, त्यात चूक कुणाची? कंपाउंडर बिचारा भला माणूस, त्यानं सुई दिली, महाडला न्यायला गाडी मिळते का ते पाहायला तो स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहिला. गाडी यायच्या आत चंद्रभागा गेली. मूल बाहेर आलं तेव्हा त्यात जीव नव्हता. मुलगा होता.

नदीकाठी अग्नी देऊन तिघं परत आली तो होळीचा दिवस होता. वाडीत ढोल वाजत नव्हता. मुरादनं उरलेल्या गोळ्या सयाजीला आणि येसाजीला वाटून दिल्या होत्या आणि जाताना तो म्हणाला होता, "महाडला जातो, जमेल तेवढी पावडर घेऊन येतो. डोक्यावरून आणीन. तोवर भिंती खरवडून ठेवा, आणि काही झालं तरी नवा हात फिरवू नका. जिथं तुमचा हात पोचला नसेल, वर आढ्याजवळ, तिथं जुनी असेल अजून, तेवढी तरी राहू द्या."

राहीबाई घरात शिरली, कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि भिंतीला लागली. शेणाचे पोपडे पायाशी पडत होते, त्यांच्याबरोबर पांढरा चुराही पडत होता. ज्या हातांनी लावलं, त्याच हातांनी ती काढत होती. नखांतून रक्त आलं तरी थांबली नाही. मागं खाटेवर सयाजी गोधडीत पडून भिंतीकडं पाहत होता. "माज्यामुळं का गो, आये?" त्यानं एकदाच विचारलं. ती म्हणाली, "गप पड," आणि खुरपं आणखी जोरानं चालवलं.

दारात सावल्या पडल्या. येसाजी घोंगडी पांघरून, दोघांच्या आधारानं उभा होता. मागं बायका होत्या, आणि गोदूबाईच्या हातात शेणामातीची बादली. मयताच्या घरी पहिला हात शेजारणीनं द्यायचा असतो. बोलत नसली तरी रीत ती चुकवणार नव्हती.

"बाजूला सर, राहीबाय," येसाजी म्हणाला. "बायकांना सारवू दे. सुतक तरी फिटंल. मग सयाजीचं बघू."

राहीबाई वळली. अंगभर माती, हातात खुरपं. बायका एक पाऊल मागं सरल्या.

"भिंतीला हात लावायचा नाय कुणी," ती म्हणाली. "बर्फातलं कोण आलेलं नाय. माझ्या पोराच्या रगतात ताप व्हता, आन त्याला मारणारी पावडर आपण पुसली. पहिला हात मी मारला. मुराद नको म्हणाला व्हता, माझी सून नको म्हणाली व्हती. कुणाला खोपीत घालायचं तर मला घाला."

तेव्हा गोदूबाईनं विचारलं, अगदी हळू, "माज्या घरची पण का गो?"

"तुज्या पण. तुजी माती मी तुडवली, गोदू."

गोदूबाईचा चेहरा पांढरा पडला. राहीबाईला वाटलं, आता ही बादली आपल्या डोक्यात घालणार, आणि घातली असती तर तिनं मान पुढं केली असती. पण गोदूबाईनं बादली तिथंच टाकली आणि ती आपल्या घराकडं पळत सुटली. तिची थोरली पोर जेवून, भिंतीला टेकून झोपली होती.

शेण उंबऱ्यावर सांडून पसरलं. येसाजीला पुन्हा थंडी भरत होती; घोंगडीआडून त्याचे दात वाजत होते, तरी रीत त्याला सुटेना.

"आगो, पण रडलोय ना आपण तिच्या नावानं," तो म्हणाला. "भिंत पिऊन बसंल ते."

"पिऊ दे," राहीबाई म्हणाली. "हे रडणं खरं हाय."

आणि ती पुन्हा भिंतीकडं वळली. अजून निम्मं घर बाकी होतं.